पायाखालचा डबा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या १९८५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

माझ्या आधी आपला डॉक्टर बोलला, मग बँकेतून निवृत्त झालेली आपली मैत्रीण बोलली. आता दुरुस्तीवाला बोलणार. तुमच्यातले बरेच जण पुण्या-मुंबईला गेले, काही समुद्रापलीकडे गेले. मी रत्नागिरीतच राहिलो. आयटीआयचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला आणि दुकान टाकलं. तुमच्या घरचे टेपरेकॉर्डर, टीव्ही, मिक्सर माझ्या टेबलावरून गेलेले आहेत. काहींचे अजून न्यायचे राहिलेत, त्यांनी जेवणानंतर भेटावं.

संयोजक मला म्हणाले, "तू ते गिटारचे डबे करतोस ना, त्याबद्दल बोल. लोकांना गंमत वाटेल." गंमत वाटेलच. पण बोलून झाल्यावर मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी कोणी चहाच्या निमित्ताने उठणार नाही.

तर हे डबे म्हणजे गिटारची इफेक्ट पेडलं. पेडल म्हटल्यावर निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर सायकल आली असेल. हे पेडलही पायानेच दाबायचं असतं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून आपण मार्कांसाठी पाठ केलं होतं, ते हेच. ही क्षीण वीज वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. वाटेत एक डबा ठेवायचा, त्यातून ती वीज फिरवायची आणि तिचं रूप बदलायचं. वादकाचे दोन्ही हात वाद्यावर असतात, म्हणून बटण पायाखाली. कोणी आवाज खरखरीत करतो, कोणी घुमवतो, कोणी त्याचा पडसाद काढतो, कोणी त्याला लहान मुलाच्या रडण्यासारखा 'वा-वा' करायला लावतो.

यातला पहिला प्रकार, खरखरीत आवाजाचा, कसा जन्माला आला ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं गाव आहे, तिकडच्या लोकसंगीताची राजधानी. तिथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. गाणं बाहेर आलं १९६१ साली. ग्रेडी मार्टिन हा वादक बास गिटारचा तुकडा वाजवत होता. त्याचा आवाज ज्या वाहिनीतून जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर बिघडलेला होता. आवाज फाटला, गुरगुरला. दुसऱ्या कोणी ते पुन्हा वाजवून घेतलं असतं. तिथे तो आवाज तसाच ठेवला आणि लोकांना तो आवडला. ग्लेन स्नॉडी नावाच्या तिथल्या अभियंत्याने मग हाच बिघाड पाहिजे तेव्हा कसा घडवायचा, याचं ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आलं. तीन वर्षांनी रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ते वाजवलं आणि ते जगभर पोचलं. आपल्याकडेही सत्तरच्या दशकापासून हिंदी सिनेमाच्या गाण्यांत असे गुरगुरणारे गिटार ऐकू येऊ लागले.

फाटलेला आवाज म्हणजे नक्की काय? सरांनी आपल्याला नादकाटा वाजवून टेबलाला टेकवून दाखवला होता. नादकाट्याच्या आवाजाची लाट काढली तर ती गोल डोंगर, गोल दरी, गोल डोंगर अशी येते. आता आपल्या मुलखाकडे बघा. आपल्याकडे डोंगराला टोक नसतंच. वर गेलं की सपाट सडा. सर्किटमध्ये दोन डायोड उलटसुलट जोडले की ते आवाजाच्या लाटेचा असाच सडा करतात. साधा सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो, म्हणजे त्याच्या वरचा डोंगर छाटला जातो. जुना जर्मेनियमचा डायोड ०.३ च्या आसपासच छाटतो. लाल एलईडी लावला तर दीड व्होल्टच्या पुढे जाईपर्यंत छाटत नाही. लाटेचं टोक छाटलं की तिच्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे स्वर मिसळतात. कानाला जी खरखर किंवा धार जाणवते, ती यांचीच. दोन्ही बाजू सारख्या छाटल्या तर एक पोत, वर एक डायोड आणि खाली दोन लावून असमान छाटल्या तर दुसरा पोत. सगळी कारागिरी एवढ्याचीच आहे. किती छाटायचं, कुठले स्वर छाटायच्या आधी आत सोडायचे, आणि छाटल्यानंतर कुठले बाहेर सोडायचे.

मी यात पडलो तो १९८८-८९ च्या सुमारास. तेव्हा आपल्याकडे गणपतीत, लग्नाला, नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा असायचे. एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला परदेशी पेडल घेऊन दुकानात आला. वापरून वापरून बॅटरीची वायर तुटली होती. काम दोन मिनिटांचं. पण मी त्याला म्हटलं, "उद्या न्या." रात्रभर मी ते उघडं ठेवून वहीत उतरवत बसलो. जेवढ्या किमतीत तो ते घेऊन आला होता, तेवढ्यात माझ्या दुकानाचं काही महिन्यांचं भाडं निघालं असतं. आत होती वीस-पंचवीस रेझिस्टर-कंडेन्सर, दोन डायोड, दोन ट्रान्झिस्टर आणि आठ पायांची एक आयसी. आयसीवर आकडा होता ४५५८.

मी खुर्चीतून उठलोच. कारण ४५५८ माझ्या खणात डझनावारी पडलेल्या होत्या. तेव्हा गल्लोगल्ली जे अ‍ॅम्प्लिफायर जोडून विकले जात, त्यांच्या बास-ट्रेबलच्या प्लेटवर हीच आयसी असायची. पुढे कळलं की आयबानेझ या जपानी कंपनीच्या 'ट्यूब स्क्रीमर' या जगप्रसिद्ध पेडलचं हृदयही ४५५८ च आहे. जगातले मोठमोठे वादक ज्या आवाजासाठी पैसे मोजत होते, त्याचा जीव माझ्या खणात, पत्र्याच्या डबीत होता.

पहिलं पेडल मी जीपी बोर्डवर जोडलं. नंतर तांब्याच्या प्लेटवर ऑइलपेंटने रेघा काढून ती फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायला शिकलो. ते पिवळं पाणी कपड्याला लागलं की डाग जन्मभर जात नाही, माझ्या आईच्या दोन परकरांची धुणं-वाळणं त्यामुळे वेगळं झालं. डब्यासाठी मी अ‍ॅल्युमिनियमचे जुने जेवणाचे डबे वापरायचो. प्लास्टिक चालत नाही. इतक्या क्षीण संदेशाला आजूबाजूच्या वायरींचा गुणगुणाट लगेच चिकटतो. धातूचा डबा ग्राउंडला जोडला की तो छत्रीसारखा आडवा येतो. वायर खुपसायला पी-३८ चं सॉकेट. आत येणाऱ्या बाजूला मी मुद्दाम स्टिरिओ सॉकेट लावतो. त्याच्या रिकाम्या पत्तीला बॅटरीची ऋण वायर जोडली की वायर खुपसली तरच पेडल चालू होतं, काढली की बंद. वेगळा स्विच नको, आणि बॅटरी रात्रभर जळत नाही.

सामान आणायला मुंबईला जावं लागे. रात्रीची एसटी, सकाळी मुंबई, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव घेतलं तर दुकानदारही बघत राहतो. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ ला, तोपर्यंत हीच यात्रा. सर्वांत नडायचा तो पायाने दाबायचा दणकट स्विच. मिळाला तरी बाकीच्या सगळ्या सामानाइतका महाग. आजही पेडलमध्ये सर्वांत महाग वस्तू तोच असतो. आयसी दहा-वीस रुपयांत येते, रेझिस्टरला तर कोणी पैसे धरत नाही.

मुंबईच्या पुस्तकात न लिहिलेला एक धडा रत्नागिरीने शिकवला. आपला खारा वारा. मांडवीला राहणाऱ्यांना विचारा, खिडकीचे गज किती वर्षं टिकतात. पेडलमधली तांब्याची रेघ एका पावसाळ्यात हिरवी पडते, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की चरचर ऐकू येते. म्हणून मी जोडणी तपासून झाली की प्लेटच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉर्निशचा हात देतो आणि डब्याच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावतो. मुंबईहून आणलेली तयार पेडलं दोन वर्षांत माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि वॉर्निश मारून परत जातात.

उन्हाचाही एक धडा आहे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत एसी १२८ जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असायचे. भंगारातले रेडिओ विकत घेऊन मी ते काढून ठेवायचो. लंडनमध्ये १९६६ साली निघालेल्या 'फझ फेस' नावाच्या पेडलमध्ये फक्त अकरा भाग आहेत: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर, दोन फिरवायची बटणं. जिमी हेंड्रिक्स जे वाजवायचा ते हेच. त्याच्या काही नगांत एसी १२८ च होते. आवाज मधासारखा. पण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान दहा अंश वाढलं की त्याची गळती साधारण दुप्पट होते. जानेवारीत गोड वाजणारं पेडल मे महिन्यात मांडवात तुटक तुटक खोकायला लागतं. त्यावर उपाय म्हणून मी एका रेझिस्टरच्या जागी पेचकसाने फिरवता येईल असा प्रीसेट बसवतो. मीटर लावायचं आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर नऊ व्होल्टच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरवायचं. मे महिन्यात एकदा, गणपतीच्या आधी एकदा. घड्याळाला चावी द्यावी तसं.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं बोलतोय तो भाग.

आपल्या वर्गात मिऱ्यावरून चालत येणारा एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसायचा, बाकावर बोटांनी ताल धरायचा आणि त्याबद्दल शिक्षा भोगायचा. नववीच्या पहिल्या सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. घरच्या अडचणी होत्या, होडीवर जावं लागलं. आज या मेळाव्यासाठी जी यादी केली ती दहावीच्या निकालावरून केली, त्यामुळे तिच्यात त्याचं नाव नाही. संयोजकांना मी दोष देत नाही, यादी कशावरून तरी करावीच लागते. पण मी त्याला विचारून ही गोष्ट सांगतोय.

तो बेंजो वाजवायचा. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते अमेरिकेचं गोल बॅन्जो नव्हे. ते बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं एका हाताने दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. मूळ जपानचं वाद्य, ताइशोगोतो. गोरो मोरिता याने १९१२ साली नागोयात ते काढलं, तिथून ते आपल्याकडे आलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, कर्ण्यावर चढवलं आणि मुंबईपासून कोकणापर्यंत बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. गणपतीची मिरवणूक, गोविंदा, हळद, शिमगा, बेंजोशिवाय होत नाही. २०१६ मध्ये रवी जाधवांनी याच वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला. पण शिकलेल्या लोकांच्या तोंडी बेंजोचं नाव 'गोंगाट' याच अर्थाने येतं.

हा मित्र १९९१ च्या गणपतीआधी माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "आवाज गोड हाय रे, पन गर्दीत गेल्यावर दिसत नाय."

दिसत नाही! मी त्या शब्दावर बराच विचार केला. मग त्याच्या पार्टीबरोबर मिरवणुकीत चालत गेलो आणि कळलं. बेंजोची तार आखूड. छेडली की स्वर उठतो आणि लगेच मरतो. भोवती ढोल-ताशा. ताशाच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत तो स्वर बुडून जातो. व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही, कारण मग कर्णा शिट्टी मारतो. लागत होतं ते लांबणारं टोक. आणि छाटणारं सर्किट नेमकं तेच करतं. लाट मोठी असो की थोडी ओसरलेली, डायोड दोघींना एकाच उंचीवर छाटतो, म्हणून स्वर विझत आला तरी कानाला तो तेवढाच भरलेला वाटतो.

मी गिटारचं पेडल त्याला जोडून दिलं. त्याने दोन मिनिटं वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. "माशी गुणगुणते." बरोबर होतं त्याचं. गिटारसाठी ठरवलेल्या किमती बेंजोला चालत नाहीत. बेंजोचा सूर आधीच वरचा, त्यात बटणांची टकटक, आणि कर्णा तर बारीक आवाजालाच उचलून धरतो. मग आम्ही बसलो, सलग अकरा रात्री. तो वाजवणार, मी एकेक भाग बदलणार.

ज्यांना हिशेब आवडतो त्यांच्यासाठी सांगतो. गिटारच्या त्या पेडलमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अशी एक जोडी असते. ती सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना कमी वाढवते, म्हणून खर्जाचा चिखल होत नाही. कंडेन्सर ०.१ चा केला की ही हद्द ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि आवाज जाड होतो. कितीतरी गिटारवाले माझ्याकडून एवढाच बदल करून घेतात. बेंजोला तो उपयोगाचा नव्हता. तिथे छाटून झाल्यानंतरच्या बाजूला १० किलोओहम आणि ०.००४७ मायक्रोफॅरडची जोडी लावली. सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचं उतरायला लागलं आणि माशी गेली. मग सिलिकॉनचे डायोड काढून एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन असे लावले. गेन निम्म्याहून कमी केला, तेव्हा बटणांची टकटक मागे सरली.

या सगळ्या किमती मी कागदावर आकड्यांत लिहिल्या. त्याला आकडे लागत नव्हते. तो म्हणायचा, "आता आवाजाला काटे हायत." "आता पानी घातल्यासारका." "आता ह्यो बरा, पन उद्या भायेर ऐकू." आणि दुसऱ्या दिवशी बाहेर, कर्ण्यावर, तो म्हणायचा तेच खरं निघायचं. माझ्याकडे मीटर होतं, पुस्तकं होती, 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे जुने अंक होते. पण अकराव्या रात्री "बस, हात लावू नको" हे त्याने सांगितलं, मीटरने नाही. त्यानंतर मी दोनशेच्या वर पेडलं केली. प्रत्येकाच्या वेळी मी काय शोधत असतो ते त्या अकरा रात्रींत ठरलं. त्या दिवसांत तो मला शिकवत होता आणि तो नववी नापासही नव्हता, त्याला नापास व्हायला सुद्धा शाळेत राहता आलं नव्हतं.

तो डबा त्याच्या पार्टीने पुढे अठरा गणपती वाजवला. त्या वर्षीपासून त्यांना बाहेरगावच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. त्याने होडीवरचं काम पावसाळ्यापुरतं नाही, कायमचं सोडलं. त्याच्या मुली शिकल्या. मी असं म्हणणार नाही की हे पंचवीस भागांच्या एका डब्याने झालं. हे त्याच्या बोटांनी झालं. डब्याने एवढंच केलं की ती बोटं गर्दीत दिसू लागली.

आवाजाबद्दल एक शब्द, कारण समोर डॉक्टर बसलाय आणि त्याच्या भुवया वर गेल्यात. पेडल आवाज मोठा करण्यासाठी नसतं. पोत ही एक गोष्ट आणि पातळी ही दुसरी. चांगलं पेडल असेल तर उलट कमी आवाजात वाद्य वेगळं ऐकू येतं, व्हॉल्यूम वाढवायची गरज पडत नाही. रात्री दहानंतर कर्णा बंद हा कायदा आहे आणि तो योग्य आहे. आमचा बेंजोवाला तो पाळतो. पुढाऱ्यांच्या मांडवांबद्दल मी बोलणार नाही.

पडसादाचे डबेही मी केले. पीटी २३९९ नावाची तैवानची सोळा पायांची आयसी येते. कॅराओकेच्या इको-प्लेटमध्ये असते ती. ती आवाज आत घेऊन सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका उशीर करून बाहेर सोडते. गिटारवाल्यांसाठी केलेला डबा मी थोडा बदलून भजनी मंडळांना दिला. उशीर कमी केला, पडसाद एकदाच येईल असा ठेवला. आमच्या आळीतले बुवा म्हणाले, "देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखं वाटतं." ते पेडल पायाखाली न ठेवता पेटीवर ठेवतात. देवाच्या कामाची वस्तू पायाने कशी दाबायची? मलाही पटलं. त्यासाठी मग हाताने दाबायचं बटण बसवून दिलं.

आता विचाराल, आज हे कोण करून घेतं? मोबाइलमध्ये शंभर इफेक्ट मिळतात, चिनी पेडल घरपोच येतं. खरं आहे. गिऱ्हाईक कमी झालंय. पण संपलेलं नाही. मुंबईत 'अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन' नावाची कंपनी हातजोडणीची पेडलं करते आणि ती परदेशातले वादक विकत घेतात. लॅमिंग्टन रोडच्या गावातून अमेरिकेला पेडल जातं, हे मला १९८८ साली कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आणि माझ्याकडे आजही कॉलेजची पोरं येतात. त्यांना तयार पेडल परवडत नाही असं नाही. त्यांना आत काय आहे ते बघायचं असतं. मी त्यांना डबा उघडून देतो, कंडेन्सर बदलायला देतो आणि आधी-नंतरचा आवाज ऐकवतो. तोंडावरचा भाव बघण्यासारखा असतो. आजवर त्यांच्या हातातली प्रत्येक वस्तू चिकटवून बंद केलेली असते. मोबाइल उघडत नाही, इअरफोन उघडत नाही, बिघडलं की फेकायचं. वस्तू उघडते, आपल्या हाताने बदलते आणि पुन्हा चालते, हे त्यांच्यातल्या काहींना विशीत पहिल्यांदा कळतं.

आपल्याला ते लवकर कळलं, कारण शाळेत कार्यानुभवाचा तास होता. विज्ञानाच्या सरांनी आपल्याला टॉर्चच्या बल्बची जोडणी करायला लावली होती. प्रयोगशाळेतला तो एक सोल्डरिंग आयर्न, ज्याची मूठ फुटलेली होती, त्याच्यासाठी आपण रांग लावायचो. परवा मी शाळेत जाऊन आलो. प्रयोगशाळा छान रंगवली आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे. मुलं त्यावर प्रयोग बघतात. सोल्डरिंग आयर्न कुठे आहे विचारलं, तर तो कुणाला माहीत नव्हता.

म्हणून माझं मागणं. या मेळाव्यातून जी रक्कम उरेल ती कमानीला किंवा फलकाला देण्याआधी एक विचार करा. मागच्या व्हरांड्याशेजारची खोली रिकामी आहे, मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. तिथे एक लांब टेबल, सहा पंचवीस वॉटचे सोल्डरिंग आयर्न, चार मीटर, धूर बाहेर काढणारा एक पंखा आणि सुट्या भागांची खणं. एवढ्याला कमानीच्या एका खांबाइतकाही खर्च येत नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मी बसेन. पैसे घेणार नाही. सुरुवात पेडलपासूनच करीन, कारण पेडलमध्ये केलेला बदल लगेच कानाला कळतो. आणि नऊ व्होल्टची बॅटरी असल्यामुळे कोणाला शॉक लागत नाही.

गिटार नसेल त्यांनी बेंजो लावावा. बेंजो आणणारा माणूस ठरलेला आहे. मिऱ्याहून तो येणार म्हणालाय. पोरांना आकडे मी सांगेन, आवाजाला काटे आहेत की नाहीत ते तो सांगेल. मार्कलिस्टवर ज्या शिक्षणाला रकाना नाही, ते त्या टेबलावर दोघे मिळून देऊ. मागच्या बाकावर ताल धरणारा एखादा मुलगा आजच्या नववीतही असेलच. त्याला बाकावरून उठवून आपण टेबलाशी आणू शकलो, तर कदाचित तो शाळेत टिकेल.

यादीचंही बघा. पुढच्या मेळाव्याची यादी निकालावरून न करता पहिलीच्या हजेरीपटावरून करावी अशी माझी सूचना आहे. हजेरीपट शाळेत जपून ठेवलेले आहेत, मी बघून आलोय. नावं थोडी जास्त होतील, चार खुर्च्या वाढतील.

सरांनी, बाईंनी एवढा वेळ ऐकून घेतलं. आमच्या वर्गात सलग वीस मिनिटं शांतता यापूर्वी कधी झाली नसेल. सोल्डरिंग आयर्नसाठी ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांच्यासाठी वही दाराशी ठेवली आहे. शेवटच्या रांगेत निळा शर्ट घालून बसलेल्या आपल्या वर्गमित्राकडे पेन आहे.